मेसच्या टेबलावरची चटणी

पत्र

सप्रेम नमस्कार. मी कऱ्हाडजवळच्या एका गावात राहते. कांदा-लसूण चटणी, शिवाय शेंगदाण्याची, तिळाची आणि कारळ्याची चटणी करून विकते. गावातल्या चार बायका सोबतीला आहेत. कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात एकदाच डंकावर कुटून घेतो, बाकीच्या लागतील तशा करतो. ५६० रुपये किलोने देते, खर्च ४०० च्या आसपास येतो. खाणारे नावं ठेवत नाहीत, पण ओळखीपाळखीच्या पलीकडे माल जात नाही. गेल्या वर्षी एका प्रदर्शनात स्टॉल घेतला, तर अगदी मागच्या कोपऱ्यात जागा मिळाली. भाडंसुद्धा सुटलं नाही.

माझा पुतण्या पुण्याहून शिकून आला आहे. तो म्हणतो, ‘काकू, आता काहीतरी हटके केलं पाहिजे.’ त्याने तीन गोष्टी सुचवल्यात. एका एजन्सीला महिना २०,००० रुपये देऊन रील करून घ्यायचे. प्रत्येक पाकिटात कूपन टाकून स्कूटरची सोडत काढायची. आणि ‘कऱ्हाडात चटणी खाऊन माणूस बेशुद्ध’ अशी बातमी फिरवून द्यायची, दोन दिवसांनी सांगायचं की ती आमचीच जाहिरात होती. माझ्या हाताशी ६०,००० रुपये आहेत. हटके म्हणजे नक्की काय करू? आणि पोराचं मन न मोडता कसं करू?

– एक वाचक, कऱ्हाड तालुका

उत्तर

ताई, नमस्कार.

खोट्या बातमीचा विषय आधी संपवते, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. ते अजिबात करू नका. ३१ जानेवारी २००७ ला अमेरिकेतल्या बोस्टन शहरात एका कार्टून मालिकेच्या जाहिरातीसाठी लावलेल्या, दिवे लुकलुकणाऱ्या पाट्या पुलांखाली आणि रस्त्यांच्या कडेला सापडल्या. लोकांना त्या बॉम्ब वाटल्या. रस्ते बंद, पूल बंद, नदीतली वाहतूक बंद, बॉम्बशोधक पथकांची धावपळ. ज्यांची जाहिरात होती त्या कंपनीला २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं आणि वाहिनीच्या प्रमुखाने राजीनामा दिला. त्यांच्याकडे निदान भरायला पैसे होते. तुमच्याकडे भांडवल काय, तर ‘या बाईंची चटणी बिनघोर खावी’ हा लोकांचा विश्वास. खायच्या वस्तूच्या शेजारी ‘बेशुद्ध’ हा शब्द एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर सुटला की तुमचा खुलासा ज्यांनी बातमी वाचली त्यांतल्या निम्म्यांपर्यंतही पोचणार नाही. पोलीस विचारायला येतील ते निराळंच.

सोडतीचं प्रकरण दिसायला साधं, पण तेही मला पसंत नाही. १९९२ मध्ये फिलिपिन्समध्ये पेप्सीने बाटलीच्या झाकणाखाली आकडे छापले होते. मोठं बक्षीस १० लाख पेसो. २५ मे ला ३४९ हा आकडा जाहीर झाला आणि मग कळलं की चुकून तोच आकडा जवळजवळ ८ लाख झाकणांवर छापला गेलाय. कंपनीने मोठं बक्षीस नाकारलं. मोर्चे निघाले, ट्रक जाळले गेले, माणसं मेली, कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. तुमच्या स्कूटरवरून कऱ्हाडात दंगल होणार नाही, मला ठाऊक आहे. पण स्कूटरच्या आशेने पाकीट उचलणारा माणूस चटणीची चव लक्षात ठेवत नाही, आणि सोडत संपली की तोही संपतो. त्यात विक्री वाढवण्यासाठी सोडत काढणं हे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथेत मोडू शकतं. चार बायकांच्या उद्योगाने या भानगडीत का पडावं?

योजना हवीच असेल तर चिक शाम्पूवाल्यांची बघा. तमिळनाडूतल्या कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये १५,००० रुपयांवर धंदा सुरू केला. समोर बड्या कंपन्या. त्यांनी सांगितलं, कुठल्याही शाम्पूच्या पाच रिकाम्या पुड्या आणा, चिकची एक पुडी फुकट न्या. लोकांना सवय लागल्यावर नियम बदलला: आता रिकाम्या पुड्या चिकच्याच हव्यात. रिकामी पुडी म्हणजे वस्तू वापरून संपल्याचा पुरावा. तुम्हीसुद्धा ‘अर्धा किलोची रिकामी पिशवी परत आणा, पुढच्या पिशवीत २० रुपये कमी’ असं ठेवा. पिशवीवर विकल्याची तारीख पेनाने लिहून द्या. कोणत्या घरात अर्धा किलो किती दिवसांत संपतो हे वर्षभरात तुमच्या वहीत येईल. कोणत्या पिशव्या परत येतच नाहीत तेही येईल, आणि ते जास्त मोलाचं.

रीलबद्दल थोडक्यात. महिना २०,००० म्हणजे तीन महिन्यांत तुमची सगळी पुंजी. तेवढ्यात पुतण्याच्या मोबाइलवर डंकाचा आवाज आणि मिरची भाजतानाचा धूर फुकट टिपता येतो. तो खुशाल टिपू दे. कोणा प्रसिद्ध मुलीला पैसे देऊन चटणी खाऊन दाखवायला लावलंत, तर ती जाहिरात आहे हे तिने स्पष्ट सांगायला हवं, असे जाहिरात मानक परिषदेचे २०२१ पासूनचे नियम आहेत. बस, रीलचं एवढंच.

आता मूळ प्रश्न. हटके म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर धमाका येतो. जाहिरातीच्या या धंद्यात राहून मी ज्या खरोखर चाकोरीबाहेरच्या युक्त्या पाहिल्या, वाचल्या, त्यांतल्या टिकलेल्या युक्त्यांत धमाका फारसा नव्हता. आपली वस्तू ज्याला हवी आहे तो माणूस नेमका कुठे आणि केव्हा अडतो, हे कोणीतरी शोधलं होतं आणि त्या ठिकाणी आधीच जाऊन उभं राहिलं होतं.

लांब जायला नको. कऱ्हाडहून मिरजेच्या गाडीत बसलात की वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, असं शेतकऱ्यांना वाटे. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. अशा वेळी ‘आमचा नांगर उत्तम’ असं कितीही ओरडून काय उपयोग? १९२० मध्ये कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं पत्र निघू लागलं. संपादक शंकरराव किर्लोस्कर. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं हे पत्र बघता बघता वाचनीय मासिक झालं. पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. ज्या घरात नांगराचं काही काम नव्हतं, त्या घरातल्या बायकासुद्धा किर्लोस्कर हे नाव घेऊ लागल्या. आज पुण्या-मुंबईच्या एजन्सीज ‘कंटेंट मार्केटिंग’ या नावाखाली जे विकतात, ते तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी झालंय. पुतण्याला हे जरूर सांगा.

फ्रान्समध्ये टायर बनवणाऱ्या मिशेलिन बंधूंनी १९०० मध्ये असंच केलं. अख्ख्या देशात तेव्हा मोटारी तीन हजारसुद्धा नव्हत्या. टायर विकायचे कोणाला? त्यांनी मोटारवाल्यांसाठी एक छोटं पुस्तक छापून फुकट वाटलं: पेट्रोल कुठे मिळेल, गाडी दुरुस्त कोण करेल, राहायची सोय कुठे, टायर बदलायचा कसा. लोक निर्धास्तपणे लांब जाऊ लागले की टायर झिजणारच. जेवणाच्या हॉटेलांना तारे देणारं हेच ते पुस्तक, आज लोक त्यातल्या ताऱ्यांसाठी जीव टाकतात. त्यामागे टायर आहेत हे कित्येकांच्या गावीही नसतं.

तुमच्याकडे असं काय आहे? तुमच्याकडे चटणीचं गणित आहे. ब्याडगी मिरची किती घेतली की रंग येतो, संकेश्वरी किती घातली की जाळ येतो पण पोट धरावं लागत नाही, कांदा किती वाळवायचा, खोबरं किती भाजायचं, बरणीत हिंगाचा खडा का टाकायचा, ओला चमचा गेला की काय होतं, पावसाळ्यात चटणी काळी का पडते. हे सगळं एका पानावर, दोन्ही बाजूंनी, मोठ्या अक्षरांत छापा. पूर्ण प्रमाणासह. हातचं काही राखू नका. मार्चमध्ये मिरचीच्या व्यापाऱ्यांकडे आणि डंकवाल्यांकडे त्याचे गठ्ठे ठेवा. ते आनंदाने ठेवतील, कारण ‘किती मिरची घेऊ हो?’ या प्रश्नाला दिवसभर उत्तर देऊन ते कंटाळलेले असतात. पानाच्या तळाशी तुमचं नाव आणि नंबर.

तुमच्या पोटात गोळा आला असेल की हिने माझी कृती गावभर वाटायला लावली. वाटा. जी बाई स्वतः चटणी करते ती तुमचं गिऱ्हाईक आज नाही आणि उद्याही नसेल. पण ते पान वाचून ‘एवढा कुटाणा कोण करणार आता, गुडघे साथ देत नाहीत’ असं म्हणणारी बाई त्याच डंकावर उभी असते. नंबर तिच्यासाठी आहे. आणि जी स्वतः करणार आहे, तीसुद्धा पुण्यातल्या सुनेला तुमचंच नाव सांगेल, कारण तुम्ही तिला प्रमाण बरोबर सांगितलंत.

दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त आवडते. २०१३ च्या कुंभमेळ्यात, अलाहाबादला, लाइफबॉय साबणवाल्यांना लोकांनी जेवणाआधी हात धुवावेत हे सांगायचं होतं. फलक लावले असते तर त्या गर्दीत कोणी पाहिले असते? त्यांनी शंभरावर धाबे आणि हॉटेलं गाठली आणि प्रत्येक ऑर्डरच्या पहिल्या रोटीवर गरम ठशाने अक्षरं उमटवली: ‘लाइफबॉय से हाथ धोये क्या?’ शाई नाही, नुसता भाजल्याचा डाग. अशा २५ लाख रोट्या वाटल्या गेल्या. माणूस हात पुढे करतो तेवढ्याच क्षणी तो प्रश्न त्याला विचारला जातो. हाताला माती लागलेली असते आणि रोटी समोर असते. त्या क्षणाच्या आधी तो प्रश्न फुकट आणि नंतरही फुकट.

तुमच्या चटणीचा असा क्षण कुठला? मी सांगते. पुण्यात पेठांमध्ये स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी हजारो मुलं मेसमध्ये जेवतात. मंगळवार म्हणजे दुधी, गुरुवार म्हणजे कोबी, आणि रोजचं वरण पातळ. पोळीचा पहिला घास तोंडात गेला की त्या मुलाला आईच्या हातच्या चटणीची आठवण होते. त्या क्षणी टेबलावर तुमची बरणी असली पाहिजे.

पंधरा मेस गाठा. प्रत्येक मेसला शेंगदाण्याच्या नाही तर कारळ्याच्या चटणीची पाव किलोची बरणी, आठवड्याला एक, दोन महिने फुकट. महिन्याला मेसमागे किलोभर चटणी जाते असं धरा. तुमच्या खर्चाने ४०० रुपये, म्हणजे पंधरा मेसचे महिन्याला ६,००० आणि दोन महिन्यांचे १२,०००. पुण्याला जाण्या-येण्याचा खर्च वेगळा, पण आठवड्याच्या खेपेला पुतण्या आहेच, त्याचे मित्र पुण्यातच असतील. कांदा-लसूण चटणी टेबलावर ठेवू नका, मुलं ती भाजीत कालवतात आणि बरणी दोन दिवसांत उडते. चमचा लांब दांड्याचा घ्या आणि दोरीने बरणीच्या गळ्याला बांधा, नाहीतर पहिल्याच दिवशी तो आमटीत जाईल. शेंगदाणा असेल तर बरणीवर ते ठळक लिहा, काहींना सोसत नाही.

बरणीवर अजून काय लिहायचं? पुतण्या लिहील ‘भाजी आवडली नाही? मग ही घ्या!’ हे वाचून मेसमालक बरणीसकट तुम्हाला बाहेर काढेल, आणि त्याचं बरोबरच असेल. नुसतं लिहा: ‘कऱ्हाडची चटणी. रूमवर हवी असेल तर मिस्ड कॉल द्या.’ गल्ल्यापाशी छोट्या पुड्या ठेवायला द्या आणि मालकाला त्यावर दोन पैसे सुटू द्या. मिस्ड कॉल म्हटलं म्हणून हसू नका. हिंदुस्तान युनिलिव्हरने बिहार-झारखंडमध्ये, जिथे तेव्हा वीज तासन्‌तास नसे आणि टीव्ही बंद असे, तिथे ‘कान खजुरा टेसन’ नावाचं फोनवरचं रेडिओ केंद्र मिस्ड कॉलवरच चालवलं. माणूस मिस्ड कॉल देई, तिकडून फोन येई, त्यात गाणी, विनोद आणि मधेमधे साबणाच्या जाहिराती. ज्याच्या खिशात पैसे कमी, त्याच्याकडून पहिला रुपया मागायचा नाही, एवढंच त्यातलं मर्म. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाचा खिसा मी वेगळा सांगायला नको.

आता बायकांकडे येऊ, कारण चटणी शेवटी त्या ठरवतात. प्लास्टिकच्या डब्यांची टपरवेअर कंपनी सुरुवातीला दुकानांतून माल विकायची आणि तो धड खपत नसे. झाकण हवाबंद कसं बसतं हे हाताने दाखवल्याशिवाय कळत नव्हतं. ब्राउनी वाइज नावाची बाई घरोघरी बायका जमवून डबे दाखवून विकत होती आणि तिचा खप दुकानांना मागे टाकत होता. अर्ल टपर यांनी तिला कंपनीत घेतलं आणि १९५१ मध्ये दुकानांतून माल काढून सगळी विक्री घरगुती बैठकांवर आणली. अमेरिकेला त्यासाठी बैठक शोधून काढावी लागली. आपल्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू असतंच, आणि प्रत्येक घरी तीस-चाळीस बायकांना वाण द्यायचं असतं. दरवर्षी डिसेंबरात त्या घरातली बाई बाजारात डोकं धरून उभी असते: यंदा काय लुटायचं? वाट्या झाल्या, गाळण्या झाल्या, प्लास्टिकच्या टोपल्या माळ्यावर पडून आहेत.

तिला ५० ग्रॅमची पुडी द्या. मात्र मिरचीची देऊ नका. मिरची-मीठ हातावर दिलं की भांडण होतं असं मानणाऱ्या बायका अजून आहेत. सणाच्या दिवशी त्यांच्या मनात किंतू कशाला आणायचा? तिळाची चटणी द्या, सणाला शोभते. त्यात लसूण घालू नका, म्हणजे सगळ्यांना चालेल. हिशोब तुमच्याच आकड्यांनी करू: ५० ग्रॅमचे २० रुपये, पुडी आणि लेबलाचे ४, झाले २४. वाण म्हणून ३० ला द्या. हजार पुड्यांना २४,००० घालाल आणि ३०,००० परत येतील. नमुना वाटायला कंपन्या लाखो रुपये ओततात, इथे यजमानीणबाई तुमचा नमुना स्वतःच्या पैशाने विकत घेतेय आणि स्वतःच्या हाताने, हळदीकुंकू लावून, शेजारणीला देतेय. यापेक्षा चांगली शिफारस पैसे देऊनही मिळत नाही. तीळ लवकर खवट होतो, म्हणून संक्रांतीच्या आठवडाभर आधीच कुटा आणि तारीख छापा. पुडी लहान असली तरी अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक, घटक, वजन, किंमत आणि पत्ता हे सगळं त्यावर हवं. ऑर्डरी मार्गशीर्षातल्या गुरुवारांपासून घ्यायला लागा, त्या दिवसांत बायका एकमेकींकडे जातच असतात.

मुंबईचं मात्र गणित वेगळं. तुमच्या आणि पाटण-जावळीच्या बाजूची किती माणसं मुंबईत आहेत, वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून राबलेली, आता ज्यांची मुलं तिथेच शिकली-वाढली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चैत्र-वैशाखात गावच्या यात्रेला ती झाडून सारी येतात. नेमकी त्याच वेळी तुमची चटणी ताजी असते. यात्रेत कमान लावायला पैसे देऊ नका. विनापरवाना फ्लेक्सच्या तर वाटेलाच जाऊ नका, ते बेकायदा आहे आणि वाऱ्याने पडतं. यात्रेच्या पहिल्या दिवशी कोणी चटणी घेत नाही, तेव्हा पाहुणे असतात आणि मटण असतं. कुस्त्या संपतात, दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गाड्या भरायला लागतात, तेव्हा उभ्या राहा, किलोच्या आणि दोन किलोच्या बंद पिशव्या घेऊन. ज्यांची आई गावात आहे त्यांच्या पिशवीत चटणी आधीच असते. ज्यांच्या घराला आता कुलूप आहे आणि जे यात्रेपुरतं चुलतभावाकडे उतरतात, ती तुमची गिऱ्हाइकं. त्यांना ओळखणं तुम्हाला अवघड नाही, गाव तुमचंच आहे. मुंबईच्या गाडीच्या ड्रायव्हरशी बोलून ठेवा. वर्षभर तो दर आठवड्याला जातो, पिशवीमागे त्याला काहीतरी द्या.

आणि कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात एकदाच होते, याची तुम्हाला पत्रात जरा लाज वाटल्यासारखी दिसते. मला तो तुमचा हुकमी एक्का वाटतो. फेब्रुवारीतच नोंदणी घ्या, निम्मे पैसे आगाऊ. हापूसवाले घेतातच की. मिरची घ्यायला हातात रोकड येईल, व्याजाने पैसे काढावे लागणार नाहीत, आणि किती कुटायची याचा अंदाज येईल. संपली की संपली. पुतण्याला तेव्हा बाहेरून मिरचीपूड आणून वाढवायचा मोह होईल, त्याला आवरा. पुण्यात ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीवर लोक विनोद करतात आणि विनोद करत करत त्याच दुकानासमोर रांगेत उभे राहतात. तुमच्याकडे जुलैत फोन आला तर सरळ सांगा: यंदाची संपली, पुढच्या फेब्रुवारीत नाव लिहू का? नाव लिहून घ्याच. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ नंबर बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप जातो. म्हणून नाव लिहिताना ‘माझा नंबर सेव्ह केलात का?’ हे विचारायला विसरू नका. वर्षातून तीन निरोप पुरेत: नोंदणी सुरू, चटणी तयार, चटणी संपली. रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवलेत तर लोक ब्लॉक करतील, मीसुद्धा करेन.

स्टॉलचं राहिलं. कोपऱ्यातल्या जागेचं दुःख करू नका. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हाइन्झ या लोणची-सॉसवाल्याला वरच्या मजल्यावर जागा मिळाली होती. पाय दुखलेले लोक जिना चढेनात. त्याने छोटी कार्डं छापली आणि प्रदर्शनभर पसरून दिली: हे घेऊन आमच्या स्टॉलवर या आणि भेट घेऊन जा. भेट काय, तर काकडीच्या लोणच्याच्या आकाराचं एक बोटभर लटकन. एवढी गर्दी झाली की मजल्याला खालून आधार द्यावा लागला. पुढच्या वेळी तुम्ही असं करा. आयोजकांना विचारून प्रवेशद्वारापाशी एका बाईला परडी घेऊन उभी करा आणि येणाऱ्याच्या हातावर ताज्या ज्वारीच्या भाकरीची चतकोर ठेवा. कोरडी. सोबत एवढंच सांगायचं: ‘चटणी मागच्या कोपऱ्यात, ४२ नंबरला.’ हातात कोरडी भाकरी घेऊन माणूस किती वेळ फिरेल? वाटेतले सगळे स्टॉल ओलांडून तो तुमच्याकडे येईल, आणि भाकरी बघून मागची माणसंही येतील. ४२ च्या जागी जो मिळेल तो नंबर घाला.

पैशांची विभागणी अशी करा. पान छापायला आणि मेसच्या बरण्यांना मिळून १६,००० च्या आत भागावं. वाणाचे २४,००० फिरून परत येतात. उरलेल्या २०,००० ना आत्ता हात लावू नका, ते मार्चमधल्या मिरचीसाठी. सगळं एकदम सुरू करू नका, वाणापासून सुरू करा. जानेवारीत ते जमलं नाही तर मेसचा खर्च करण्याआधी मला पुन्हा लिहा.

आणि पुतण्या. त्याचं मन मोडायची गरज नाही, त्याला हटकेच काम द्या. येणाऱ्या प्रत्येक फोनला एकच प्रश्न विचारायचा, ‘आमचं नाव कुठे कळलं?’, आणि उत्तर वहीत लिहायचं: वाण, मेस, डंक, यात्रा, रील. रीलचा रकाना त्याच्या हट्टासाठी नक्की ठेवा. उन्हाळा संपेपर्यंत त्या रकान्यात बरीच नावं जमली, तर पुढच्या वर्षी रीलवर थोडा खर्च करायला मी स्वतः सांगेन. वही मात्र त्याच्याकडे द्या, एजन्सीकडे नको.